पर्यावरण, समाज आणि कारभार : वसईच्या किनारपट्टीतील गुंतवणूकदारासाठी

गुंतवणुकीची निवड करताना परतावा, जोखीम आणि रोखता, म्हणजे गरजेच्या वेळी पैसा मोकळा करून घेण्याची सोय, या तीन कसोट्या परंपरेने लावल्या जातात. त्यांच्या जोडीला गेल्या दोन दशकांत आणखी तीन घटक आले असून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एकत्रितपणे ‘ईएसजी’ म्हटले जाते : उद्योग हवा, पाणी आणि जमीन कशी वापरतो हा पर्यावरणाचा घटक, कामगार, ग्राहक आणि शेजारची वस्ती यांच्याशी तो कसा वागतो हा सामाजिक घटक, आणि निर्णय कोण घेतो, हिशेब कोण तपासतो, लहान भागधारकाचे हित कोण राखतो हा कारभाराचा घटक. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हू केअर्स विन्स’ या अहवालातून ही संज्ञा रूढ झाली, २००६ मध्ये जबाबदार गुंतवणुकीची सहा तत्त्वे जाहीर झाली, आणि भारतात ‘सेबी’ने, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामक मंडळाने, २०१२ पासून मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना या विषयांवर अहवाल देणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले.

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्यापुरतेच राहते. वसई तालुक्यातील भुईगावसारख्या गावात मात्र कुटुंबाच्या संपत्तीचा मोठा भाग वाडीच्या जमिनीत, सदनिकेत, दागिन्यांत आणि सहकारी बँकेतील मुदत ठेवीत असतो. शेअर आणि फंड यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. म्हणून हे तीन निकष संपूर्ण संपत्तीला लावले तरच त्यांचा उपयोग होतो. शिवाय तिन्हींना एकाच मापाने मोजणेही योग्य नाही. कारभार बिघडला की मुद्दलच जाते, त्यामुळे तो निकष चाळणीसारखा आधी लावावा, आणि चाळणीतून उतरलेल्या पर्यायांपैकी कोणाला किती वाटा द्यायचा हे पर्यावरण व समाज या निकषांवरून ठरवावे. पुढील मांडणी या क्रमाला धरून आहे.

आधी संपत्तीची यादी, मग निकष

भुईगाव हे वसईच्या पश्चिमेकडील समुद्रकाठचे गाव असून किनाऱ्यावर सुरूची झाडे आणि आत केळी, पानवेल, भाजीपाला, फुले यांच्या वाड्या अशी त्याची ठेवण आहे. समुद्र इतका जवळ असूनही येथील विहिरींना गोडे पाणी राहते, याला बावखले मोठ्या प्रमाणात कारण आहेत. पावसाचे पाणी साठवून ते जमिनीत मुरवणारी ही पारंपरिक तळी बुजवली गेली किंवा भूजलाचा उपसा वाढला, तर खारे पाणी आत सरकते आणि वाडीचे उत्पन्न घटते. पर्यावरणाचा घटक येथे थेट जमिनीच्या किमतीत उतरलेला दिसतो.

यादी करताना प्रत्येक मालमत्तेपुढे तिची आजची अंदाजे किंमत लिहावी आणि त्यानंतर ती कोणत्या धोक्याला सामोरी आहे हे नोंदवावे. उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाची संपत्ती दीड कोटी रुपयांची असून त्यात वाडीचा हिस्सा ७० लाखांचा, विरारमध्ये भाड्याने दिलेली सदनिका ४० लाखांची, एकाच बँकेतील ठेवी २० लाखांच्या, फंड १५ लाखांचे आणि सोने ५ लाखांचे आहे असे मानले, तर १ कोटी १० लाख रुपये, म्हणजे सुमारे ७३ टक्के संपत्ती, एकाच किनारपट्टीवरील पाणी, पूर आणि बांधकामविषयक धोरण यांवर अवलंबून असल्याचे दिसते. जुलै २०१८ मधील पुरात वसई-विरार पट्ट्यातील रेल्वेवाहतूक ठप्प झाली आणि मिठागरातील वस्तीत लोक अडकून पडले. त्यानंतर महापालिकेने कारणांच्या अभ्यासासाठी ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली. अशा एका घटनेत वाडी, भाड्याचे घर आणि रोजची नोकरी या तिन्हींना एकाच वेळी झळ पोचू शकते. त्यामुळे अशा कुटुंबाने शेअर बाजारात जाताना याच पट्ट्यात घरे बांधणाऱ्या किंवा त्यांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेणे म्हणजे आधीच एकवटलेली जोखीम आणखी वाढवणे ठरते, मग त्या कंपनीचे पर्यावरणविषयक गुणांकन कितीही चांगले असो.

निकषाचा पैशाशी संबंध

पर्यावरण किंवा समाज यांविषयीची आस्था आणि गुंतवणुकीचा परतावा यांचा संबंध तीन मार्गांनी जुळतो. पहिला मार्ग चालू खर्चाचा आहे : सांडपाणी प्रक्रिया, अपघातांची भरपाई, दंड आणि कामबंदी यांमुळे नफा घटतो. दुसरा मार्ग भांडवलाच्या किमतीचा आहे : धोका वाढला की बँका आणि रोखेधारक जास्त व्याज मागतात. तिसरा मार्ग आकस्मिक हानीचा आहे : परवाना रद्द होणे, बांधकाम पाडले जाणे किंवा हिशेबातील लबाडी उघड होणे यांमुळे वर्षानुवर्षांचा परतावा एका आठवड्यात नाहीसा होतो.

पालघर जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक वसाहतीचे उदाहरण पहिल्या मार्गावर प्रकाश टाकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात या वसाहतीला ९३.६९ गुण मिळाले आणि ती देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक समूह ठरली. या निर्देशांकात जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. खाडीत आणि समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मच्छीमार समाजाची संघटना, राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रासह शंभराहून अधिक कारखान्यांवर पर्यावरणीय भरपाई बसवणारा आदेश दिला. मासळी कमी झाल्याची तक्रार किनाऱ्यावर ऐकू येते, ती लवादापर्यंत पोचते आणि कंपनीच्या ताळेबंदात आकड्याच्या रूपाने उतरते, या प्रवासाला वर्षे लागतात. किनाऱ्यावर राहणाऱ्या गुंतवणूकदाराला ही माहिती शहरातील विश्लेषकाच्या कितीतरी आधी मिळते, आणि तिचा विचार त्याने निर्णयात अवश्य करावा.

जमीन आणि सदनिका

वसईत जमिनीच्या प्रश्नावर संघटित लोकमत बनले ते हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनातून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या चळवळीने हरित पट्ट्यातील बेसुमार बांधकाम आणि भूजलाचा उपसा यांना विरोध केला. हेच दिब्रिटो पुढे २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने यातून निघणारी सूचना अशी, की ज्या बांधकामाला गावाचा संघटित विरोध आहे त्याचे परवाने न्यायालयात अडकण्याची शक्यता जास्त असते, आणि ताबा मिळण्यास होणारा विलंब हा सदनिकेच्या परताव्यातील सर्वांत मोठा छुपा खर्च असतो.

याहून कठोर उदाहरण नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरीचे आहे. विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी आरक्षित असलेल्या जागेवर तेथे ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील घरे सामान्य कुटुंबांनी विकत घेतली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या आरंभापर्यंत त्या सर्व पाडण्यात आल्या. सांडपाण्याची व्यवस्था झाली नाही हा पर्यावरणाचा, कुटुंबे बेघर झाली हा समाजाचा आणि आरक्षित जागेवर इमारती उभ्या राहू दिल्या गेल्या हा कारभाराचा प्रश्न असून तिन्हींचा भार शेवटी घर घेणाऱ्याच्या मुद्दलावर पडला.

म्हणून जमीन किंवा सदनिका घेताना पुढील कागद या क्रमाने पाहावेत. सातबारा आणि फेरफार यांवरून मालकी व भोगवटादार वर्ग कळतो. महापालिकेकडून मिळणाऱ्या झोन दाखल्यावरून जागा रहिवासी क्षेत्रात आहे, हरित क्षेत्रात आहे की आरक्षित आहे हे समजते. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावरून ती सीआरझेडमध्ये, म्हणजे भरतीरेषेलगतच्या नियंत्रित पट्ट्यात येते का हे तपासता येते. बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी ज्या कार्यालयाने दिली त्याच्या अभिलेखाशी ताडून पाहावी, कारण विकासकाने दिलेली छायाप्रत हा पुरावा मानता येत नाही. आणि तयार घराच्या बाबतीत भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सर्वसाधारणपणे ओसी म्हणतात, ते हातात आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी उपयुक्त असली तरी ती पुरेशी नाही. तिच्या संकेतस्थळावर जोडलेली परवानगी ज्या प्राधिकरणाने दिल्याचे दिसते, त्या प्राधिकरणाकडे तिची खातरजमा करावी. कांदळवनाच्या बाबतीत तर कोणतीही सवलत गृहीत धरू नये : सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग ठरवला असून कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या संरक्षक पट्ट्यातही बांधकामाला मज्जाव आहे. भराव टाकून तयार केलेली स्वस्त जागा या निकषावर पहिल्याच फेरीत बाद होते.

सहकारी बँकेतील ठेव

वसईला सहकारी बँकिंगची जुनी परंपरा आहे. पापडी येथील बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना १९१८ मधील आहे. सहकारी संस्थेत भाग कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असते, त्यामुळे कारभारावर लक्ष ठेवण्याचा हक्क येथे सामान्य ठेवीदार-सभासदाकडे जितका असतो तितका सूचिबद्ध कंपनीतही नसतो. हा हक्क वापरला गेला नाही तर काय होऊ शकते, हे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणाने दाखवले. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेने दिलेल्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या, वसई-विरार पट्ट्यातही जमिनी असलेल्या, बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ही थकबाकी बनावट खात्यांच्या आड लपवल्याचा ठपका तपास यंत्रणांनी ठेवला. त्याच वर्षीच्या मार्चअखेरच्या ताळेबंदात मात्र ढोबळ अनुत्पादित कर्जे, म्हणजे हप्ते थकलेली कर्जे, ४ टक्क्यांच्या आत दाखवलेली होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या रकमेच्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळण्याची मुदत दहा वर्षांपर्यंत लांबली.

या प्रकरणाचा अर्थ सहकारी बँका टाळाव्यात असा होत नाही. ठेवीदाराने छापील आकड्यापलीकडे जाऊन कारभार तपासावा असा होतो. वार्षिक अहवालात भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांतील संभाव्य तोट्याला तोंड देण्यासाठी बँकेने राखलेल्या स्वतःच्या भांडवलाचे प्रमाण, पाहावे. कर्जे किती क्षेत्रांत विभागली आहेत हे पाहावे. संचालक व त्यांचे नातेवाईक यांना दिलेल्या कर्जांचा तपशील पाहावा. आणि लेखापरीक्षकाचे शेरे शेवटच्या पानापर्यंत वाचावेत. एका कर्जदाराला पहिल्या श्रेणीच्या भांडवलाच्या १५ टक्क्यांपेक्षा आणि एका समूहाला २५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज नागरी सहकारी बँकेने देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम मार्च २०२० पासून आहे, त्यामुळे सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडील एकूण येणे किती हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारणे सर्वथा रास्त ठरते. व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे विमासंरक्षित असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. वरील उदाहरणातील कुटुंबाच्या २० लाखांच्या ठेवी एकाच नावावर असतील, तर १५ लाख रुपये या संरक्षणाबाहेर राहतात. त्या निरनिराळ्या बँकांत विभागणे हा कारभाराच्या जोखमीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शेअर : बीआरएसआर कसा वाचावा

सूचिबद्ध कंपन्यांच्या बाबतीत मूळ दस्तऐवज आहे ‘व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल’. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला बीआरएसआर म्हणतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ या वर्षापासून बंधनकारक असून वार्षिक अहवालात आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर तो विनामूल्य मिळतो. त्याचे तीन विभाग असतात : सर्वसाधारण माहिती, धोरणे व प्रक्रिया, आणि नऊ तत्त्वांनुसार प्रत्यक्ष कामगिरी. पहिले दोन विभाग भरभर चाळून तिसऱ्या विभागावर वेळ द्यावा, कारण धोरण लिहिणे सोपे असते, आकडे देणे अवघड.

तत्त्व १ मध्ये नियामकांनी केलेले दंड आणि तडजोडी दिसतात. तत्त्व ३ मध्ये कायम व कंत्राटी कामगारांचे अपघात आणि मृत्यू यांची आकडेवारी असते. रासायनिक कारखान्यांच्या बाबतीत ही पहिली पाहण्याची जागा. तत्त्व ५ मध्ये किमान वेतन आणि लैंगिक छळाच्या तक्रारी येतात. तत्त्व ६ मध्ये पाण्याचा उपसा, सांडपाणी, उत्सर्जन, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातील कामकाज आणि पर्यावरण कायद्यांचे पालन यांची माहिती मिळते. उत्सर्जनाचे तीन स्तर सांगितले जातात : कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या व वाहनांतून होणारे ते पहिल्या स्तराचे, विकत घेतलेल्या विजेमुळे होणारे ते दुसऱ्या स्तराचे आणि पुरवठादार व ग्राहक यांच्याकडे होणारे ते तिसऱ्या स्तराचे. एकूण आकड्यापेक्षा उलाढालीच्या प्रति रुपया किती पाणी किंवा किती उत्सर्जन हे प्रमाण तीन वर्षे सलग ताडून पाहावे आणि त्याच उद्योगातील दुसऱ्या कंपनीशी तुलना करावी. सिमेंट कंपनीची सॉफ्टवेअर कंपनीशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. यांतील नऊ महत्त्वाच्या बाबींचा ‘बीआरएसआर कोअर’ हा गाभा जुलै २०२३ मध्ये ठरवण्यात आला आणि त्याची त्रयस्थाकडून पडताळणी पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू करून २०२६-२७ पर्यंत पहिल्या १,००० कंपन्यांपर्यंत नेण्याचे वेळापत्रक सेबीने आखले. अहवालासोबत अशी पडताळणी जोडलेली आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे.

कारभाराची माहिती मात्र बीआरएसआरपेक्षा इतरत्र अधिक स्पष्ट मिळते. तिमाही भागधारणा पत्रकात प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, किती शेअर गहाण ठेवले आहेत हे दिसते. लेखापरीक्षकाने मुदतीपूर्वी राजीनामा दिला असेल तर त्याचे कारण शेअर बाजाराला कळवावे लागते. आणि संबंधित पक्षांशी केलेले व्यवहार, म्हणजे प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी केलेली खरेदी-विक्री व कर्जे, टिपांमध्ये नोंदवलेली असतात. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तक कुटुंबाच्याच ‘मेटास’ कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि भागधारकांच्या विरोधामुळे तो मागे घेतला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, हिशेबातील लबाडीची कबुली आली. त्याच कंपनीला काही महिन्यांपूर्वी उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. पुरस्काराने जे लपवले ते संबंधित पक्षांच्या व्यवहाराने उघड केले, आणि चाळणी कशावर लावावी हेही त्यातून स्पष्ट होते.

मानांकनाची मर्यादा

ईएसजी मानांकन देणाऱ्या संस्थांना २०२३ पासून सेबीकडे नोंदणी करावी लागते. तरीही मानांकन हे अंतिम उत्तर मानू नये. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन या संशोधकांनी सहा आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मानांकनांची तुलना केली तेव्हा त्यांच्यातील सहसंबंध सरासरी ०.५४ इतकाच आढळला. दोन संस्थांची मते पूर्ण जुळली तर हा आकडा १ येतो, आणि कर्जफेडीच्या पतमानांकनांत तो ०.९ च्या वर असतो. काय मोजायचे आणि कसे मोजायचे यावरच संस्थांमध्ये एकमत नसल्यामुळे हा फरक पडतो. फोक्सवॅगन ही कंपनी सप्टेंबर २०१५ मध्ये डाउ जोन्स शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगात अग्रस्थानी गणली गेली आणि त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांतील उत्सर्जन चाचणीची फसवणूक उघड झाली. म्हणून मानांकनाचा उपयोग प्रश्न निवडण्यासाठी करावा : दोन संस्थांनी एकाच कंपनीला फार वेगळे गुण दिले असतील, तर फरक कोणत्या बाबीत आहे हे शोधून ती बाब मूळ अहवालात पाहावी.

म्युच्युअल फंड

शेअर स्वतः निवडण्याइतका वेळ नसलेल्यांसाठी ईएसजी फंड हा मार्ग आहे. जुलै २०२३ च्या परिपत्रकाने सेबीने अशा योजनांसाठी सहा धोरणे ठरवली आणि धोरणाचे नाव योजनेच्या नावातच देणे बंधनकारक केले. वगळणुकीच्या धोरणात तंबाखू, मद्य, जुगार असे ठरावीक उद्योग टाळले जातात; एकात्मिक धोरणात तिन्ही घटकांचा विचार आर्थिक विश्लेषणात मिसळला जातो; श्रेणीतील सर्वोत्तम निवडण्याच्या धोरणात प्रत्येक उद्योगातील तुलनेने चांगली कंपनी घेतली जाते; प्रभावलक्ष्यी धोरणात मोजता येण्याजोगा सामाजिक किंवा पर्यावरणीय परिणाम साधण्याचे उद्दिष्ट असते; शाश्वत उद्दिष्टांच्या धोरणात दीर्घकालीन शाश्वततेच्या प्रवाहांचा लाभ होणाऱ्या कंपन्या निवडल्या जातात; आणि संक्रमण धोरणात आज प्रदूषण करणाऱ्या पण बदलाच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांना भांडवल दिले जाते. निधीचा किमान ८० टक्के भाग जाहीर धोरणाशी सुसंगत असावा आणि किमान ६५ टक्के भाग बीआरएसआर कोअरची पडताळणी देणाऱ्या कंपन्यांत असावा असा दंडक आहे.

योजना निवडताना नावापेक्षा यादी महत्त्वाची. पहिल्या दहा शेअरची यादी त्याच फंड घराच्या साध्या लार्ज-कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या, योजनेशी ताडून पाहावी. दोन्ही जवळपास सारख्याच असतील तर जास्त खर्चाचे प्रमाण मोजण्यात अर्थ नाही. माहिती तंत्रज्ञान आणि खासगी बँका यांचा वाटा अशा योजनांत अनेकदा जास्त आणि कोळसा, तेल, धातू यांचा कमी असतो, त्यामुळे एखाद्या वर्षीचा जादा किंवा उणा परतावा हा शाश्वततेचा परिणाम आहे की केवळ क्षेत्रांच्या चढउताराचा, हे वेगळे काढावे. वसईच्या ज्या कुटुंबात पगार माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातून येतो, त्याने अशा योजनेत मोठी रक्कम टाकल्यास नोकरी आणि गुंतवणूक एकाच क्षेत्राला बांधली जाते, याचेही भान ठेवावे. फंड घरे कंपन्यांच्या सभांत कसे मतदान करतात आणि का करतात हे त्यांना जाहीर करावे लागते. एकाही ठरावाला विरोध न करणारा फंड ईएसजी हे नाव केवळ जाहिरातीपुरते वापरतो आहे असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी.

हरित रोखे आणि हरित ठेवी

ज्या कर्जरोख्यांतून उभी राहणारी रक्कम केवळ पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठी वापरली जाते त्यांना हरित रोखे म्हणतात. केंद्र सरकारने जानेवारी व फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन हप्त्यांत १६,००० कोटी रुपयांचे पहिले सार्वभौम हरित रोखे विकले. सरकारी रोख्यांत रस असलेल्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ सुविधेतून सहभागी होता येते. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ मध्ये २०० कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. रोख्यांच्या बाबतीत दोन प्रश्न पुरतात : रक्कम कोणत्या प्रकल्पावर खर्च होणार हे कागदपत्रात नेमके लिहिले आहे का, आणि खर्चाचा वार्षिक अहवाल त्रयस्थ तपासतो का. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेबीने हरित रोख्यांतील दिशाभूल, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेला दिखावा, टाळण्यासाठी स्वतंत्र सूचना काढल्या त्या याच कारणाने.

बँकांच्या ‘हरित ठेवी’ रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ पासून लागू झालेल्या चौकटीत येतात. या ठेवींचा पैसा अपारंपरिक ऊर्जा, स्वच्छ वाहतूक, जल व कचरा व्यवस्थापन अशा क्षेत्रांत गुंतवावा लागतो. जीवाश्म इंधन, तंबाखू, मद्य आणि २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प त्यातून वगळलेले आहेत. ही चौकट वाणिज्य बँका आणि ठेवी स्वीकारणाऱ्या बिगरबँक वित्तसंस्था यांच्यासाठी तयार झाली असून सहकारी बँकांचा तिच्यात समावेश नव्हता, म्हणून एखाद्या सहकारी बँकेने ‘हरित’ नावाची योजना पुढे केल्यास ती कोणत्या नियमाखाली आहे हे लेखी विचारावे.

वाटा ठरवणे, मतदान करणे, वर्षातून एकदा तपासणे

या सर्व माहितीचे रूपांतर निर्णयात करण्यासाठी एक साधा तक्ता पुरतो. प्रत्येक मालमत्तेपुढे कारभार या रकान्यात ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढेच लिहावे. ओसी नसलेली सदनिका, संबंधित पक्षांशी संशयास्पद व्यवहार करणारी कंपनी, वार्षिक अहवाल देण्यास टाळाटाळ करणारी पतसंस्था या येथेच गळतील. उत्तीर्ण मालमत्तांना पर्यावरण आणि समाज या दोन रकान्यांत शून्य ते दोन गुण द्यावेत, आणि चारपैकी एक किंवा शून्य गुण मिळालेल्या मालमत्तेत नवी रक्कम घालू नये. अस्तित्वात असलेली गुंतवणूक घाईने विकण्याची गरज नाही, कारण विक्रीवर कर आणि खर्च लागतो. नव्या बचतीची दिशा बदलली तरी काही वर्षांत संपूर्ण संपत्तीचे प्रमाण बदलते. यासोबत दोन मर्यादा आखाव्यात : एका भौगोलिक पट्ट्यावर अवलंबून असलेली मालमत्ता ठरावीक टक्क्यांपुढे वाढू नये आणि एका बँकेतील ठेव विम्याच्या मर्यादेपुढे जाऊ नये. मोठ्या रकमेचा निर्णय असेल तर सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचा सल्ला घ्यावा.

भागधारकाचा मताधिकार हाही गुंतवणुकीचा भाग आहे. डीमॅट खात्यातून ई-मतदान घरबसल्या करता येते, आणि संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांच्या ठरावावर संबंधित पक्षांना मंजुरीचे मत देता येत नाही, त्यामुळे अशा ठरावावर लहान भागधारकांच्या मतांना खरे वजन येते. बहुतेक कंपन्यांच्या आणि सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. म्हणून ऑक्टोबर महिना वार्षिक तपासणीसाठी सोयीचा ठरतो.

निकष एकमेकांना छेदतात तेव्हा

काही निर्णयांत तिन्ही घटक एका दिशेने बोट दाखवत नाहीत. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराचे उदाहरण पालघर जिल्ह्यातील प्रत्येकाला परिचित आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला, तालुक्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तेथील बंदर नाकारले, त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला ना हरकत दिली, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. रोजगार व व्यापार यांच्या बाजूने एक सामाजिक युक्तिवाद आहे, तर मासेमारीची क्षेत्रे आणि किनारा यांच्या बाजूने दुसरा. अशा प्रकल्पाशी निगडित कंपन्या किंवा रोखे घ्यावेत की नाहीत, याचे उत्तर कोणतेही मानांकन देऊ शकत नाही. गुंतवणूकदाराने आपली भूमिका एका परिच्छेदात लिहून ठेवावी, कोणती घटना घडल्यास ती बदलेल हेही नोंदवावे, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये तो कागद पुन्हा वाचावा. दोन जाणत्या व्यक्ती या बाबतीत वेगळ्या निर्णयावर येऊ शकतात आणि दोघांचेही निर्णय समर्थनीय असू शकतात. मात्र हिशेब लपवणाऱ्या संस्थेत किंवा परवानगी नसलेल्या इमारतीत पैसा घालण्याचे समर्थन पर्यावरण व समाज यांच्या कितीही गुणांनी होत नाही, आणि म्हणूनच कारभाराची चाळणी प्रत्येक वेळी पहिली लागते.